थवे उठवून फोटो काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे खाडीत आणि कोकण किनाऱ्यावर पक्ष्यांच्या फोटो-टूर नेणारे आयोजक, वर्कशॉप घेणारे मार्गदर्शक आणि त्यांच्यासोबत कॅमेरे घेऊन येणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. तो जवळ आला की तुमच्या जाहिराती फिरू लागतात. सकाळची बोट, सोबत मार्गदर्शक, नाश्ता, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उडत्या थव्याचा फोटो हमखास’. चिखलात मान खाली घालून चरणारा थवा ठरलेल्या वेळी हमखास उडवण्याचा मार्ग एकच आहे. बोट सरळ त्याच्या अंगावर घालायची. हे उघड्यावर चालतं, पैसे घेऊन चालतं, आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणतात. म्हणून हे पत्र.

आम्ही खाडीच्या दोन्ही काठांवर राहणारे पक्षीनिरीक्षक आहोत. आमच्यातले बरेच जण स्वतः फोटो काढतात, त्यामुळे कॅमेऱ्याशी आमचं वैर नाही. उलट २०२४च्या उन्हाळ्यात नेरूळ-सीवूड्सच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी पोचेनासं झालं, तळं कोरडं पडलं, रोहित मेले, तेव्हा लोकांच्या फोटोंमुळेच तो विषय शहराच्या डोळ्यांसमोर राहिला. तुमच्या हातातल्या यंत्राची ताकद आम्हाला ठाऊक आहे. तक्रार आहे ती थव्याजवळ जाण्याच्या पद्धतीबद्दल.

आधी जागेबद्दल. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि उरलेलं पाणी. २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाली. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातलं हे तिसरं रामसर स्थळ. एका बाजूला भांडुप-मुलुंड, दुसऱ्या बाजूला ऐरोली-वाशी, वरून विमानं, मधून पूल. इथून उठवलेल्या पक्ष्याला ‘जाईल कुठेतरी’ म्हणून सोडून द्यायला ते ‘कुठेतरी’ शिल्लक उरलेलं नाही.

पहिली तक्रार वेळेबद्दल आहे, आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात. तुमच्या सहली रविवार पाहून ठरतात. खाडीतला पक्षी भरती-ओहोटी पाहून जगतो. ओहोटीला चिखलाची मैदानं उघडी पडतात, तेव्हा छोटा रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले किडे-कोळंबी टिपतो, आणि त्यांच्या पायांशी तुताऱ्या, चिखले, मालगुजे, कुरल असे किनारपक्षी आपापल्या चोचीच्या लांबीप्रमाणे वेगवेगळ्या खोलीवर चरतात. पाणी चढलं की हे ताट झाकलं जातं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साडेबारा तासांच्या आसपास जातात, आणि त्यातला चरण्याजोगा काळ मोजकाच असतो. त्यात बोटीने थवा तीनदा उठवला तर ते तीन घास परत मिळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तर तुताऱ्यांसारखे पक्षी सैबेरियाच्या दिशेने निघण्याआधी अंगात चरबी साठवत असतात. या दिवसांतलं एकेक उड्डाण त्या साठ्यातून वजा होतं.

वेळ ठरवायला ॲप लागतंच असं नाही. कोणत्याही कोळीवाड्यात विचारा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी सहाला. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. मिनिटांचा हिशोब हवा असेल तर छापील भरतीपत्रक घ्या. आता याचा फोटोशी संबंध पाहा. पौर्णिमेच्या सकाळी आठ-नऊला पाणी चढत असतं. चढतं पाणी थव्याला उरलेल्या चिखलावर, काठाच्या दिशेने सरकवत आणतं. तुम्ही एका जागी थांबलात तर पक्षी चालत, अधूनमधून छोट्या उड्या घेत स्वतःहून जवळ येतात. अष्टमीच्या सकाळी उलटं: नऊला पाणी उतरत असतं आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलावर थवे येऊन उतरतात, तेही पंख पूर्ण पसरून, पाय पुढे काढून. ज्या फोटोसाठी तुम्ही बोट घालता तो फोटो खाडी रोज फुकट देते. तिथी पाहून या, एवढंच.

उतरत्या पाण्याचा एक धोका मार्गदर्शकांनी तरी लक्षात ठेवावा. ‘अजून पाच मिनिटं’ करत थांबलात की बोट चिखलात रुतते. मग तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, इंजिन रेटतो, पंखा चिखल उसवतो, थवा तर उडतोच, आणि पुढचं पाणी येईपर्यंत काही तास सगळे उन्हात बसतात.

दुसरी तक्रार बोट नेण्याच्या पद्धतीबद्दल. चूक तांडेलाची नसते, हे आधीच सांगतो. त्याला थवा आणि पाणी दोन्ही तुमच्यापेक्षा जास्त कळतं. मागून ‘दादा, अजून जवळ घ्या ना’ असं दहा जण ओरडतात आणि मार्गदर्शक गप्प बसतो, तिथे गडबड होते. बरोबर पद्धत अशी. थव्यापासून सुमारे दोनशे मीटरवर वेग अगदी कमी करायचा. शंभर मीटरच्या आत इंजिन न्यायचं नाही, ते बंद करून पाण्याच्या ओढीवर बोट सोडायची, गरज पडली तर बांबूने दिशा द्यायची. सरळ रोखाने जायचं नाही, थव्याला समांतर तिरकं जायचं. थवा आणि उघडं पाणी यांच्या मध्ये बोट कधीही घालायची नाही, कारण मागे कांदळवन आणि पुढे बोट अशा कोंडीत सापडलेला पक्षी सगळ्यात आधी उडतो. बोटीत सगळ्यांनी बसून राहायचं. एकाच थव्याजवळ एका वेळी एकच बोट.

थवा उडण्याआधी सांगतो, तेही टप्प्याटप्प्याने. चरणाऱ्या रोहितांच्या माना खाली असतात. आधी कडेचे दोन-चार पक्षी मान उंच करतात. ही पहिली खूण, इथेच थांबायचं. मग माना उंचावलेल्यांची संख्या वाढते, विखुरलेला थवा घट्ट होतो आणि सगळे एकाच दिशेला, तुमच्यापासून लांब, चालू लागतात. आवाज वाढतो. काहींचे पंख अर्धवट उघडतात. मग धाव. रोहिताला हवेत उठायला वाऱ्यावर तोंड करून काही पावलं पळावं लागतं, आणि मऊ चिखलात हे पळणं त्याला जड जातं. बहुतेक गट दुसऱ्या खुणेवर आनंदून पुढे सरकतात, कारण त्यांना वाटतं आता काहीतरी ‘ॲक्शन’ होणार.

इथे एक बारकावा आहे. हंगामाच्या उत्तरार्धात रोहितांचा सामूहिक नाच चालतो. त्यातही माना उंच करून, घोळका करून चालणं असतं. नवखा माणूस फसतो. फरक असा की नाचणारा घोळका मध्येच दिशा बदलतो, मागे फिरतो, मान डावी-उजवी हलवतो, क्षणभर पंख ताठ उघडून मिटतो. घाबरलेला घोळका फक्त लांब जातो. वर्कशॉपची फी घेणाऱ्याला हा फरक सांगता येत नसेल तर त्याने थव्याजवळ माणसं नेऊ नयेत.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात सकाळी वारा बहुधा जमिनीकडून, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून असतो. दुपारनंतर तो पश्चिम-वायव्येकडून, समुद्रावरून येतो. पक्षी वाऱ्यावर तोंड करून उठतो आणि उतरतो. म्हणजे सकाळी ऐरोलीच्या बाजूला सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्यांची तोंडं तुमच्याकडे. दुपारी शिवडीच्या धक्क्याच्या बाजूला तोच हिशोब उलट्या दिशेने. उत्तम जागा या, पण थांबायला. तिथूनच बोट पुढे रेटली तर उडण्यासाठी पक्ष्याला एक तर तुमच्या दिशेने धावावं लागतं, नाहीतर वारा पाठीवर घेऊन लांबलचक धडपड करावी लागते. हे करून तुम्हाला मिळतं काय? पिटाळलेला थवा लांब जातो, त्यामुळे फ्रेममध्ये येतात शेपट्या, पाठी आणि चिखलाचे शिंतोडे. छोट्या रोहिताच्या पंखाखालचा तो लाल-काळा रंग सगळ्यांनाच टिपायचा असतो, आम्हालाही. तो नीट दिसतो समोरून किंवा बाजूने येणाऱ्या पक्ष्यात. पाठमोऱ्या थव्यात नाही.

थोडं कॅमेऱ्याबद्दलही लिहितो, कारण ‘जवळ गेल्याशिवाय शार्प येत नाही’ हे कारण दर वेळी पुढे केलं जातं. फोटो मऊ येण्याचं पहिलं कारण अंतर नसतं. दहा वाजल्यानंतर तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि त्या थरातून कितीही महागाची लेन्स धूसरच पाहते. उपाय: नऊ-साडेनऊला काम आटपा. दुसरं कारण, बोटीत ट्रायपॉड. इंजिनची कंपनं त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात जातात. ५०० किंवा ६०० मिमी लेन्स हातात धरा, कोपर अंगाला टेकवा, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा. तिसरं, रंग जळणं. काळपट चिखलावर फिकट गुलाबी पक्षी असला की कॅमेऱ्याचा मीटर चिखलाकडे पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि लाल चॅनेल आधी भरतो, म्हणजे लाल रंगातले बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर उणे १/३ ते उणे २/३ करा आणि हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर काही बॉडींवर फडफडणाऱ्या पंखांची टोकं वाकडी येतात, हे आधी तपासा. हे सगळं केल्यावर शंभर मीटरवरून थव्याचा सुरेख फोटो येतो. एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातली चमक येणार नाही, हे खरं. ती त्या दिवशी नाही मिळाली तर नाही मिळाली.

चौथी तक्रार सगळ्यात गंभीर आहे, ती भरतीच्या वेळच्या विश्रांतीच्या जागांबद्दल. पूर्ण भरतीला खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी सीवूड्सचा डीपीएस तलाव, टीएस चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागची पाणथळ, भांडुप पंपिंग स्टेशनचा परिसर, उरणचं पाणजे अशा मोजक्या जागी दाटीवाटीने उभे राहतात. तिथे ते मुख्यतः विश्रांती घेत पुढच्या ओहोटीची वाट पाहतात. ओहोटीला उठवलेला थवा निदान दुसऱ्या चिखलावर उतरू शकतो. भरतीला उठवलेल्या थव्याला उतरायला जागाच नसते, तो वर घिरट्या घालत राहतो. आणि याच जागा रस्त्याला लागून असल्याने तुम्हाला सोप्या पडतात! बांधावरून खाली उतरून, पाण्याच्या कडेला पालथं पडून ‘आय लेव्हल’, म्हणजे पक्ष्याच्या डोळ्याची उंची, साधायची, मागच्याने टाळी वाजवायची, म्हणजे थवा उडतो. टाळी वाजवणारे हात प्रत्येक गटात असतात, हे कृपया नाकारू नका. या जागी बांधाखाली उतरायचंच नाही, एवढा एक नियम पुरे आहे. सकाळच्या उजेडात विश्रांतीचा थवा पाहायचा तर दशमी-एकादशी निवडा, भरती साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास येते. रस्त्यावरून दुर्बीण लावून तासभर बसा.

ड्रोनबद्दल फार लिहित नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि पक्ष्याला तो वरून येणारा शिकारी वाटतो. विषय संपला.

कुरवांना (सीगलना) फरसाण घालण्याबद्दल मात्र लिहायला हवं, कारण ते पाप आहे असं कोणालाच वाटत नाही. मांडवा आणि घारापुरीच्या लाँचवर गाठ्या-वेफर्सची पाकिटं फुटतात, तपकिरी आणि काळ्या डोक्याचे कुरव मागे लागतात आणि टूरवाले वाइड लेन्स काढतात. आता तर काही जण फोटोसाठी म्हणून पाकिटं सोबत आणतात. तेल-मिठाचं, तळलेलं बेसन हे मासे-खेकडे खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नाही. त्यावर ताव मारायला घारी-कावळेही गोळा होतात. आणि कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्यप्राण्याला पिटाळणं आणि आमिष दाखवणं हे दोन्ही शब्द आहेत. आपण हातात कॅमेरा धरलाय, बंदूक नाही, एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

शेवटची तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या सहलींची. समुद्रगरुडाचं घरटं उंच झाडावर, वर्षानुवर्षं त्याच जागी असतं. एकदा त्याचं अचूक ठिकाण फोटोसोबत जाहीर झालं की दर शनिवारी झाडाखाली गाड्या लागतात. पालक पक्षी उठून लांब बसतो आणि अंडी-पिल्लं उन्हाच्या आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात. घरट्याचा फोटो टाकताना गावाचं नाव नको, लोकेशन नको, मागची टेकडी किंवा देवळाचा कळसही फ्रेममध्ये नको. खरं तर घरट्याचा फोटोच नको, पण तेवढी अपेक्षा आज करत नाही.

आता मागण्या.

जाहिरातीतून ‘हमखास उड्डाण’ ही भाषा आजपासून काढा, आणि उड्डाण मिळालं नाही म्हणून कोणी पैसे परत मागितले तर ते देऊ नका. सहलीच्या तारखेसोबत त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ छापा, म्हणजे माणसाला कळेल की तुम्ही रविवार पाहिलाय की पाणी. बोट सुटण्याआधी धक्क्यावरच दहा मिनिटं देऊन थव्याच्या खुणा समजावा, आणि पहिल्या खुणेला बोट थांबेल हे तांडेलासमोर सांगा, म्हणजे मागून कोणी ओरडलं तर त्याला ‘नाही’ म्हणता येईल. तांडेलाची बक्षिसी फोटोवर ठरवू नका, ती भाड्यातच धरा. विश्रांतीच्या जागी बांधाखाली उतरणाऱ्याला तिथल्या तिथे परत बोलवा, तो तुमचा नेहमीचा गिऱ्हाईक असला तरी. खाद्य, टाळी, दगड, ड्रोन, मोबाइलवर वाजवलेला पक्ष्याचा आवाज: यांतलं काहीही केलेला माणूस पुढच्या सहलीला घेऊ नका.

तुमच्यातले जे छायाचित्र स्पर्धांचे परीक्षक म्हणून बसतात, त्यांच्याकडे वेगळं मागणं आहे. पिटाळलेला थवा फोटोत ओळखू येतो: सगळे पाठमोरे, सगळे एकाच वेळी धावेत, पायांखाली शिंतोडे, माना ताणलेल्या. स्वतःहून जाणारा थवा ओळीत किंवा तिरक्या रांगेत असतो, पाय मागे सरळ, उंचीही ठरलेली. शंका आली तर मूळ फाइलच्या आधीच्या वीस फ्रेम मागवा. बोट पुढे सरकली की नाही ते त्यांतच दिसेल. अशा फोटोला बक्षीस देणं थांबलं की पुढच्या हंगामात निम्म्या बोटी आपोआप शंभर मीटरवर थांबतील.

हे पत्र आम्ही टूरवाल्यांना, कॅमेरा क्लबांना आणि बोटींच्या धक्क्यांवर देणार आहोत. कोणाला एखादा मुद्दा चूक वाटत असेल तर त्याने पौर्णिमेनंतरच्या सकाळी खाडीवर यावं. आम्ही काठावर असूच. बोलू.

आपले,
ठाणे खाडीकाठचे काही पक्षीनिरीक्षक